द्वारकाबाईंच्या कानामागचा थेंब

द्वारकाबाईंच्या उजव्या कानामागून घामाचा एक थेंब ओघळायला निघाला होता, तो त्यांची मुलगी दुसरीत होती तेव्हापासून. ज्वारीच्या दाण्याएवढा, वर निमुळता, खाली गोल, मानेवरच्या बारीक लवेला धरून थांबलेला. मुलगी, म्हणजे कुमुद, आता शाळेतून निवृत्त झाली होती. तिची सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. रोज सकाळी आईची वेणी घालायला बसली की ती आधी तो थेंब बघे. उन्हाळ्यात तो किंचित फुगे. सुकत मात्र नसे.

थेंबातून पलीकडचं जग उलटं दिसतं, हे कुमुदने कितीतरी वर्गांना दाखवलं होतं. या थेंबातही गाव उलटं दिसे, पण ते तेव्हाचं गाव होतं. सूतगिरणीची चिमणी खाली डोकं करून धूर सोडत होती. पाळी सुटलेली माणसं सायकली हातात धरून गप्पा मारत चालली होती. दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली परकर-पोलक्यातली एक मुलगी निंबोळ्या वेचत होती. पेड घालता घालता कुमुदचे हात त्या मुलीपाशी थांबत.

"अगं, ओढ जरा," द्वारकाबाई म्हणत. "सैल वेणी मला चालत नाही, माहीत आहे ना?"

त्या दिवशी द्वारकाबाई बाळंतपणासाठी दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. डॉक्टरची जागा रिकामी होती. एक कळ येऊन गेली होती, दुसरी यायची होती. गाव ज्यात येई त्या उत्तर विभागाला नुकतंच स्वतःचं सरकार मिळालं होतं आणि नवे मंत्री गावात आले होते. आरोग्य आणि उद्योग, दोन्ही खाती त्यांच्याचकडे. लोकांनी विचारलं, दवाखान्याला डॉक्टर कधी? आणि गिरणी बंद पडणार म्हणतात, ते खरं का? मंत्री म्हणाले, "दोन्हीचा विचार चालू आहे."

आणि दुसरी कळ आली नाही. गिरणीच्या फाटकाशी दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. पाळीचा भोंगा सुरू झाला होता, तो अर्ध्यावर थांबला.

तेव्हापासून दर वर्षी मंत्री येत. माणूस बदले, गाडी बदले. ओसरीसमोर मांडव पडे, आणि रिवाजाप्रमाणे गावातल्या चालत्या-फिरत्या माणसांत जे वयाने सगळ्यात मोठं असेल ते विचारी, "साहेब, आमचा विचार चालू आहे ना?"

"चालू आहे," मंत्री म्हणत. टाळ्या पडत, पेढे वाटले जात, आणि लोक जेवणाचे डबे घेऊन आपापल्या थांबलेल्या माणसांकडे जात.

एका वर्षी पुलावर पाणी आलं आणि मंत्री संध्याकाळी उशिरा पोचले. त्या संध्याकाळी थेंब केसभर खाली सरकला. द्वारकाबाईंनी पोटावर हात ठेवला. "आक्का, काहीतरी होतंय गं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मांडवातून टाळ्या ऐकू आल्या आणि थेंब थांबला. कुमुदने ते कुणाला सांगितलं नाही, पण ध्यानात ठेवलं.

द्वारकाबाई लेकीला आक्का म्हणत, त्याची गोष्ट अशी. कुमुद आईच्या वयाची झाली, त्या वर्षी दोघी एकमेकींचं लुगडं अंगाला लावून खूप हसल्या होत्या. पुढे कुमुदचे केस पिकले, आणि एक दिवस द्वारकाबाई म्हणाल्या, "आता तुला कुमे म्हणायला जीभ वळत नाही बाई. बघणारा म्हणेल, ही सासूला नावाने हाक मारते." तेव्हापासून आक्का. अहो-जाहो मात्र कुमुदने करू दिलं नाही.

ओसरी वाढत होती. ज्याला दुखणं येई तो येऊन बाकावर बसे, आणि बसला की दुखणं तिथल्या तिथे थांबे. उतरत नसे, चढतही नसे. साप चावलेला श्रावण घोट्याला फडकं आवळून बसला होता. विष फडक्याच्या खालीच होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अजून साप दाखवायला हात वर करी. माणसं वाढली तशी ओसरी लांबली. पोस्टापर्यंत गेली, शाळेच्या पटांगणातून बाजारात गेली. बाकावरची माणसं जास्त झाली आणि त्यांना डबा नेणारी कमी.

या वर्षी ओसरी कुमुदच्या घरात शिरली. कुमुद सकाळी चहाला उठली तर स्वयंपाकघरात मांडणीखाली बाकाचं टोक होतं. एका माणसापुरती जागा मोकळी होती. बाक पुसलेला होता.

गेला महिनाभर कुमुदच्या छातीत दुखत होतं. हे तिने फक्त भिकन चौधरीला सांगितलं होतं. भिकन शाळेत तिच्याबरोबर शिकलेला. त्याचा बाप गिरणीच्या फाटकाशी पंचविशीतला उभा होता आणि म्हाताऱ्या भिकनला काका म्हणत होता.

भिकनने बाक हाताने दाबून पाहिला. "बस की मग. लोक जागेसाठी खेटे घालतात, तुझ्या तर चुलीपाशी आली."

"मी बसले तर मायची वेणी कोण घालील?"

"नाही घातली तर काय बिघडेल? लग्नाला थोडीच जायचंय तिला."

"उद्या मंत्री येतायत. चालत्या-फिरत्या माणसांत आता सगळ्यात मोठी मीच आहे. मलाच विचारायचंय."

"विचार ना. लहान पोरांनाही पाठ आहे."

"तो प्रश्न नाही विचारणार. हो की नाही, ते विचारणार."

भिकनने बाकावरचा हात उचलला. मग म्हणाला, "कुमुद, माझ्या बापाच्या डब्यातली भाकर अजून गरम आहे. रोज मला झाकण उघडून दाखवतो. गिरणी नाहीच म्हटल्यावर तो डबा घेऊन कुठं जाईल?"

"तो तुला काका म्हणतो, भिकन."

"म्हणू दे! हाक तर मारतो."

कुमुदने चहाची कपबशी बाजूला सरकवली. ती उठून दवाखान्यात गेली. पोचायला तिला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागला, कारण आता सगळी वाट ओसरीतूनच होती, आणि दर चार माणसांनंतर कुणीतरी सरकून तिला जागा देत होतं.

"माय," ती म्हणाली, "मी नीट विचारलं तर उत्तर येईल. उत्तर आलं की कळ येईल. आत डॉक्टर असेलच असं नाही."

द्वारकाबाईंनी बाळासाठी आणलेलं झबलं गुडघ्यावर पसरलं. त्याचे बंद त्या रोज नव्याने बांधत. "आक्का, अशाने तुझा भाऊ पोटातच म्हातारा व्हायचा. माझ्यामागून लग्न झालेल्यांना पणतवंडं झाली. हे मी कुणाला घालू?"

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. त्या दिवशीही वाटतच होती. त्यांनी मला थांबवलं, भीतीला कुठं थांबवलं?" मग त्या हसल्या. "वेणी मात्र घट्ट घाल उद्या."

दुसऱ्या दिवशी कुमुदने प्रयोगशाळेतली जुनी कात्री आणि दोरा उकळत्या पाण्यातून काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळला. आईची वेणी घट्ट घातली. थेंबातली मुलगी निंबोळ्या वेचत होती. तिचा ओचा जवळजवळ भरला होता.

मंत्री तरुण होते. त्यांच्या जन्माच्या आधीपासूनचा विचार त्यांच्याकडे आला होता. मांडवाला आता तिन्ही बाजूंनी बाक लागला होता आणि चौथ्या बाजूला गाडी उभी होती. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. पेढ्यांची ताटं तयार होती. कुमुद आईच्या शेजारी उभी राहिली.

"साहेब, दवाखान्याला डॉक्टर देणार की नाही? गिरणी उघडणार की नाही?"

मंत्र्यांचे सचिव पुढे झुकले. "बाई, प्रश्न असा नसतो. विचार चालू आहे ना, असं विचारायचं."

"ते विचारून झालंय."

"चालू..." मंत्री म्हणाले आणि थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या कुलपात किल्ली फिरू नये, तसे ते शब्द या प्रश्नात फिरेनात. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. श्रावणने घोट्याकडे पाहिलं आणि दात आवळले. मांडवाच्या टोकाला उभा असलेला भिकन एकदम वळला आणि गिरणीच्या दिशेने, जमेल तसा, पळत सुटला.

कुमुद मंत्र्यांकडे बघत नव्हती. तिचं लक्ष थेंबाकडे होतं. चिमणीचा धूर विरळ झाला. सायकली धरलेली माणसं बोलायची थांबली. निंबाखालच्या मुलीने मान वर करून, कुणीतरी हाक मारल्यासारखं, ओसरीकडे पाहिलं. मग ते सगळं गाव लवेवरून सुटलं आणि मानेच्या उतारावरून हळूहळू खाली निघालं.

दूर गिरणीचा भोंगा, अर्ध्यावर थांबलेला, पुढे वाजू लागला.

द्वारकाबाईंनी लेकीचं मनगट धरलं. त्यांचा हात ओला आणि गरम होता.

"कुमे," त्या म्हणाल्या, "आली गं."

कुमुदने गुडघे टेकले आणि फडक्याची गाठ सोडली. बाकावरची माणसं, मांडवापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत, एकामागून एक उठून उभी राहत होती, आणि त्या सगळ्यांची तोंडं मंत्र्यांकडे होती.

"नाही," मंत्री म्हणाले. "ते दोन्ही तेव्हाच ठरलं होतं."