वरची रेघ, खालची रेघ

चादर घडीला येईना. ठकीच्या आईने दोन टोकं चिमटीत धरून झटका दिला, तसा पत्रा हलवल्यासारखा आवाज झाला. समोरची दोन टोकं धरून उभ्या असलेल्या ठकीने आईकडे न बघता नुसती भुवई उचलली.

"खळ पडलीय वाटतं," आई म्हणाली.

ठकीने टोकं ताणून धरली.

"डॉक्टरांच्या कोटांच्या बादलीत गेल्या की काय या?"

ठकीने आपली टोकं पुढे आणून आईच्या हातात दिली, मधली घडी उचलली आणि पुन्हा मागे सरकली. कालपासून तिचा अबोला होता. पण डबल चादरीची घडी काही एकट्या माणसाला घालता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती ती समोर उभी होती. जवळ यायची, टोकं द्यायची, लांब जायची.

आईने गठ्ठ्यातली दुसरी चादर चाचपली, मग तिसरी. लॉजच्या सगळ्याच चादरी कडक. लाँड्रीच्या चार वर्षांच्या धंद्यात तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. खळीची बादली कुठली आणि चादरींची कुठली, हे तिला झोपेतसुद्धा कळायचं. पण काल निकाल लागला तेव्हा ती नेमकी खळ कालवत होती.

आठवीच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा निकाल. ठकीला शंभरात अठ्ठ्याहत्तर. खालच्या भागाची, म्हणजे या शहराची आणि आजूबाजूची, पात्रता एक्क्याऐंशीला थांबली होती. तीन कमी. तेवढंच असतं तर ठकी रडली असती, नाक पुसून जेवायला बसली असती. पण पाठोपाठ मावशीचा फोन आला. वरच्या भागाची, डोंगरातल्या शाळांची, पात्रता होती सहासष्ट. मावशीच्या घुमीला एकोणसत्तर मिळाले होते. घुमी यादीत बसली.

घुमी बोलायला महाकंजूष, म्हणून तिचं नाव घुमी. चौथीपर्यंत दोघी वरच्या शाळेत एकाच बाकावर बसायच्या. मग ठकीला बरी शाळा मिळावी म्हणून तिच्या आईबाबांनी वरचं बिऱ्हाड मोडलं, खाली येऊन ही दोन खोल्यांची जागा घेतली आणि पुढच्या खोलीत लाँड्री टाकली.

"वर राहिलो असतो तर मला मिळाली असती," काल ठकी म्हणाली होती. ओरडली नाही, काही आपटलं नाही. "तू आणलंस मला इथे." एवढं बोलून तोंडाला कुलूप.

आईला उत्तर सुचलं होतं. वर राहिली असतीस तर अठ्ठ्याहत्तर पडले असते का? पण काही उत्तरं बरोबर असली तरी गिळावी लागतात.

"ताई, आहेस का गं?"

एरवी धाकट्या बहिणीच्या आधी तिचा आवाज घरात शिरायचा. आज तो चपला हातात घेऊन आल्यासारखा आला.

"नसून जाते कुठे? ये."

धाकटी आत आली. काय बोलावं ते न सुचून तिने समोरच्या चादरीला हात लावला. "ही चादर आहे की दार?"

"खळ पडली."

"अगं बाई! गिऱ्हाईक रात्रभर कुरकुरत राहील की."

"म्हणून तर परत धुवायच्यात. संध्याकाळी द्यायच्यात." आईने दाराकडे पाहिलं. "घुमी कुठाय?"

ठकीने "ये मावशी" म्हटलं, हातातली टोकं सोडली आणि ती आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाकडे निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर धाकटीने आवाज उतरवला.

"पायरीवर बसलीय. आत येत नाही. ताई, आज शेवटचा दिवस आहे. पाचच्या आत कचेरीत कागद दाखवायचे, नाहीतर नाव गेलं. आणि ही म्हणते, मला नको. सकाळपासून तेवढंच बोललीय, मला नको. तिच्या बाबांनी समजावलं, मी ओरडले, शेवटी हात जोडले. दगडाला पाझर फुटेल, पण ही बया..." ती थांबली. "तुला तर माहितीये, वर आठवीच्या पुढे वर्गच नाही, आणि खाली शिकवायला पैसा नाही. हे गेलं की हिची शाळा संपली. पण तुला कुठल्या तोंडाने सांगू, की तूच समजाव म्हणून?"

"आहे त्याच तोंडाने सांग. चोरी केलीस का?"

ठकीची आई हे म्हणाली खरी. पण नको म्हणतेय हे ऐकल्याबरोबर तिला कुठेतरी आत, अगदी पळभर, गार वाटलं होतं. नको तर नको. तिने दोन्ही हात साडीला खसाखसा पुसले. ते ओले नव्हतेच.

मग ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

घुमी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बसच्या प्रवासात तिच्या फ्रॉकचा पार बोळा झाला होता.

"का गं नको?"

घुमीने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. "नऊ कमी आहेत."

"कुणापेक्षा?"

घुमीने नुसती मान आतल्या दिशेला कलती केली. मग म्हणाली, "दुसऱ्याचं उचलल्यासारखं वाटतं." घुमीच्या मानाने हे भाषण होतं.

"तू सोडलंस म्हणून ते ठकीला मिळणार नाहीये, कळतं ना?"

"कळतं."

"मग?"

"मग तरी."

"यंदा गणिताला कोण होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. शिपाईकाका येऊन बसायचे."

"ते काय शिकवायचे?"

"गप्प बसा."

"आणि शास्त्राला?"

"तेच."

"त्यातही तेच शिकवायचे?"

घुमीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

आतून इस्त्रीचा आवाज येत होता. टेकवली, फिरवली, उचलून ठेवली. टेकवली, फिरवली. ठकीच्या आईला आता जे बोलायचं होतं ते त्या आवाजापर्यंत पोचणार होतं. कुजबुजून बोलावं तर घुमीला ते खोटं वाटलं असतं. तिने रोजच्याच आवाजात बोलायचं ठरवलं.

"मीही दिली होती ही परीक्षा. तुझ्याच शाळेतून. तेव्हा वरचा भाग, खालचा भाग असं काही नव्हतं, सगळ्यांना मिळून एकच रेघ. इथल्या शाळांना प्रयोगशाळा, पुस्तकांची खोली, विषयागणिक वेगळ्या बाई. आम्ही चार इयत्ता एका खोलीत. मी थोडक्यात राहिले. सगळे म्हणाले, रेघ तर सगळ्यांना सारखीच होती, मग तूच कमी पडलीस. मलाही तसंच वाटलं. कितीतरी वर्षं वाटत राहिलं."

घुमी आता तिच्याकडे बघत होती.

"तुझ्यासाठी कुणी रेघ खाली ओढलेली नाही, बाळा. तू जिथून चालत निघालीस तिथून मोजलीय, एवढंच. बरोबर आखलीय ती. आणि जे मिळालंय ते तुझंच आहे."

आत इस्त्रीचा आवाज थांबला.

"आणि ठकीची रेघ?" घुमीने विचारलं.

तीही बरोबर आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ठकीच्या आईने घुमीच्या फ्रॉकवरची एक सुरकुती बोटाने सरळ केली. ती पुन्हा पडली.

"ऊठ."

दारात ठकी उभी होती. आईकडे तिने पाहिलं नाही.

"अपूर्णांक कुणी शिकवले तुला?"

"तू," घुमी म्हणाली.

"गुणोत्तर?"

"तूच."

"रोज संध्याकाळी फोनवर घसा कुणी कोरडा केला?"

"तू."

"आणि वर ओरडा कुणी खाल्ला, काय गप्पा झोडतेस म्हणून?" हे वाक्य घुमीकडे बघत बोललं गेलं, पण ते घुमीसाठी नव्हतं. "तुझ्या एकोणसत्तरातले निम्मे माझे आहेत. मला न विचारता नको म्हणणारी तू कोण टिकोजीराव?"

घुमीने यावर नीट विचार केला. "निम्मे नाहीत. पंधराएक असतील."

"वीस."

"अठरा."

"बरं, अठरा. ऊठ आता. आणि हा फ्रॉक? लाँड्रीवाल्यांच्या घरातून असा बोळा होऊन बाहेर पडलीस तर उद्यापासून गिऱ्हाईक येईल का आमच्याकडे? काढ तो. तोवर माझा गाऊन घाल."

घुमी उठली. ठकीच्या मोठ्या गाऊनमध्ये ती टेबलाशी उभी राहिली आणि ठकीने फ्रॉकवर पाणी शिंपडलं. आधी कॉलर, मग बाह्या, मग कमरेच्या चुण्या, एकेक वेगळी धरून. कॉलरवरून ती इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, ती कधीच सरळ झाली होती तरी. तिची मान खाली होती आणि कॉलरवर पाण्याचे दोन-तीन थेंब पडले, ते शिंपडलेले नव्हते. ते तिने इस्त्रीखाली वाळवून टाकले. तिच्या आईने हे पाहिलं आणि ती चादरींचा गठ्ठा उचलून मोरीकडे वळली. धाकटी मागून काहीतरी म्हणायला गेली, तर ठकीची आई एवढंच म्हणाली, "राहू दे."

"कचेरीचा रस्ता मला नीट ठाऊक नाही गं ताई. तू येतेस?"

"या चादरी कोण धुणार?"

"मी नेते," ठकी म्हणाली.

तिघी गेल्या. ठकीच्या आईने चादरी पाण्यात सोडल्या. खळ पाण्यात उतरू लागली, पाणी गढूळ झालं, बोटांना बुळबुळीत लागू लागलं. तिने पाणी ओतून दिलं, नवं भरलं. ठकी रोज संध्याकाळी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायची ते तिला आठवलं. अगं, किती ती बडबड, बिल बघ जरा, असं ती इथूनच ओरडायची. जिन्यातून "छेद सारखा कर आधी, छेद" असलं काहीबाही ऐकू यायचं, आणि तिला वाटायचं, मुली कुणाची तरी टिंगल करताहेत. तिने चादर पिळली. पिळता पिळता तिचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा पिळू लागले. दुपार कलली. चादरी दोरीवर चढल्या, उन्हात मऊ झाल्या, लोंबू लागल्या. पाच वाजले आणि वाजून गेले. रस्त्यावर पाय वाजला की ती दाराशी जाऊन यायची.

मग धाकटीच्या आधी धाकटीचा आवाज आला.

"झालं! ताई, झालं गं बाई! अगं तो कारकून कागदात डोकं घालून बसलेला. गुण किती, म्हणाला. मी सांगायला तोंड उघडतेय, तर ही आपली म्हणते, एकोणसत्तर! केवढ्यांदा! अख्खी रांग वळून बघायला लागली. जन्मात पहिल्यांदा आवाज ऐकला मी हिचा."

घुमी खाली बघत होती. फ्रॉकची कॉलर अजून ताठ होती.

"तिकडे पंखा फार वाजत होता," ती म्हणाली. "म्हणून."

चहा झाला. ठकीच्या बाबांनी येऊन चादरी लॉजवर पोचवल्या. संध्याकाळच्या बसला ठकी आणि तिची आई दोघी पाव्हण्यांना सोडायला गेल्या. बस हलली तेव्हा घुमीने खिडकीतून काही म्हटलं नाही, नुसती पाची बोटं काचेला टेकवून ठेवली. बस वळणाआड जाईपर्यंत ठकी उभी राहिली.

परतताना ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागली. आई अलीकडच्या. दुकानांतले दिवे लागत होते. मधून एक सायकल गेली, मग एक रिकामी हातगाडी.

"मघाशी घुमीला म्हणालीस ते," पलीकडूनच ठकी म्हणाली, "ते खरं होतं, की तिला पाठवायला म्हणालीस?"

तिला पाठवायला, हे सोपं उत्तर आईच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"खरं होतं," ती म्हणाली.

ठकीने मान हलवली.

"पण मला वाईट वाटतंय."

"मलाही वाटतंय."

"तुला कशाला? तुझ्या मते तर सगळं बरोबर आहे."

"बरोबर असलं तरी वाईट वाटतं गं. एकाच वेळी दोन्ही वाटतं."

ठकीने पायाने एक खडा उडवला, त्याच्यामागे गेली, पुन्हा उडवला.

"तुला किती कमी पडले होते?"

हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. थोडक्यात राहिले म्हटलं की माणसं अरेरे म्हणायची आणि दुसऱ्या विषयाकडे वळायची. ठकीच्या बाबांनीही कधी आकडा विचारला नव्हता.

"चार."

"शंभरातले?"

"शंभरातले."

"मला तीन." ठकी बोटांवर काहीतरी मोजू लागली. "म्हणजे पिढीला एक. माझ्या मुलीला दोन कमी पडणार, नातीला एक. या वेगाने आपल्या घरात शिष्यवृत्ती यायची ती डायरेक्ट माझ्या पणतीला."

ठकीच्या आईला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि मग ते तिला आवरेना. तिला दिव्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. हसता हसता तिने डोळे पुसले आणि ते पुसणं हसणं थांबल्यावरही थोडा वेळ चालूच राहिलं.

पलीकडे ठकी थांबून तिच्याकडे बघत होती.

"दहावीला असते अजून एक परीक्षा," ती म्हणाली. "बघू."

मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून ती अलीकडे आली.