उइलाच्या अंगणातली चटई

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या तोंडातले उरलेले चार दात इथंच गळून पडू देत.

सामोआत फालेतोआ गावी फुआतिनो नावाची बाई राहायची. तिचा नवरा तोलोआ म्हणजे गावाचा वक्ता. लग्न असो, मयत असो, खांद्यावर काथ्याची चवरी टाकून, काठी रोवून तो उभा राहायचा. बोलणं असं उंच, की अर्ध्या गावाला कळायचं नाही आणि उरलेल्या अर्ध्याला कळल्यासारखं दाखवावं लागायचं. एकदा भाषणाच्या सुरुवातीला कुणी नारळ लावला होता. भाषण संपलं तेव्हा पोरं त्याच झाडाची शहाळी पीत होती. घरी मात्र हाच माणूस मुका. हो म्हणायचं असलं तर भुवया उचलायचा, नको असलं तर तेवढेही कष्ट घ्यायचा नाही. चाळीस वर्षं फुआतिनोनं त्या भुवयांशी संसार केला, आणि सुखाचा केला.

पण तिचा जीव होता धाकट्या भावावर, उइलावर. तो गावचा मानकरी, घर मैदानाच्या पलीकडे, समोरासमोर. दर रविवारी चर्च सुटलं की त्याच्या भट्टीतलं पहिलं ताट बहिणीकडे यायचं. भाजलेले अळूचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, कधी मासा. बहिणीचा मान आधी, मग देवाचा, असं आमच्याकडे भाऊ मानतात. पाद्रीबाबांना सांगत नाहीत एवढंच. हात मोडला होता तेव्हासुद्धा उइलानं ते ताट चुकवलं नव्हतं.

मग नव्या चर्चचं जेवण झालं. डुकराचे वाटे पुकारायचं काम तोलोआचं. कुठला तुकडा कुणाचा हे पणजोबांपासून ठरलेलं. कंबर मानकऱ्यांची, मागची तंगडी वक्त्यांची, डोकं भट्टी लावणाऱ्या पोरांचं. तोलोआ आपल्याच बोलण्यात इतका रंगला, की उइलाचं नाव घेतलं ते डोक्यावर. चारशे माणसांसमोर. डोकं उइलापुढे आलं, आणि ते दात काढून त्याच्याकडे बघत राहिलं. एकदा पुकारलं ते परत घेता येत नाही. वाटा हेही बोलणंच, फक्त चरबीतलं.

 त्या रविवारी ताट आलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. असे सहा रविवार गेले. आमच्या घरांना भिंती नाहीत, त्यामुळे फुआतिनोला भावाच्या भट्टीचा धूर दिसायचा आणि ती आपलं ताट बाजूला सारायची.

तिनं नवऱ्याला समजूत काढायला पाठवलं. तो चवरी घेऊन गेला. उइलाही बोलण्यात कमी नव्हता. एकानं आभाळातून चांदण्या उतरवल्या, दुसऱ्यानं त्या पुन्हा वर लावल्या. खाली बसलेल्या कोंबडीची अंडी तेवढ्यात उबून पिल्लं चालायला लागली. तोलोआ खूश होऊन घरी आला.

"काय म्हणाला?" फुआतिनोनं विचारलं.

"फार सुंदर बोलला."

"डुकराबद्दल?"

तोलोआच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत.

तिनं त्याला दोन शब्द शिकवले. मेव्हणे, चुकलं. बस. वाटेतल्या प्रत्येक झाडाला त्यानं ते म्हणून दाखवलं. उइलासमोर तोंड उघडलं आणि त्यातून निघाला महासागर, त्यावर होड्या, होड्यांत पूर्वज. उइलानं सगळ्या पूर्वजांची विचारपूस केली आणि त्याला वाटेला लावलं. मग फुआतिनोनं कपडे धुताना भावजयीला, मासिनाला गाठलं. ती म्हणाली, हे अर्ध्या ताटावरून उठतात, पण चारशे लोकांसमोर गेलेला मान घरात बसून कसा परत येणार?

ते फुआतिनोला पटलं. तिनं पेटीतून बारीक चटई काढली. तीन वर्षं विणलेली, इतकी मऊ की कानातल्या बाळीतून आरपार जाईल. आमच्याकडे कुणाचं रक्त सांडलं तर सांडणारे अशी चटई डोक्यावर घेऊन त्या घरापुढे बसतात, मुकाट्यानं, आतल्यांनी ती उचलेपर्यंत. डुकराच्या डोक्यासाठी कुणी कधी बसलं नव्हतं.

"लोक हसतील," तोलोआ म्हणाला.

"हसू देत. तुम्ही फक्त गप्प बसा."

"एक लहानसं प्रास्ताविक..."

"अहो."

शनिवारी सकाळी दोघं उइलाच्या अंगणात चटईखाली बसले. लोक आले, हसले, मग हसायचे थांबले. ऊन चढलं. तोलोआच्या पोटात न बोललेले शब्द साचत गेले, तो फुगला, आणि चटई भाकरीसारखी वर उठायला लागली. फुआतिनोला कडेखालून भावाचे पाय तेवढे दिसत होते. पाय पायरीपर्यंत आले. परत गेले. पुन्हा आले. तिनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तरं त्याच्याकडे पुष्कळ होती.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा चटई उचलली गेली. सगळं गाव बघत होतं. घामानं चिकटलेले बहिणीचे पांढरे केस उइलानं पाहिले आणि तो मानकरी माणूस मातीतच बसला. तोंड उघडलं. चांदण्या नाहीत, पूर्वज नाहीत.

"ताई, एवढ्या उन्हात कशाला गं बसलीस?"

"मला भूक लागलीय," फुआतिनो म्हणाली.

उइलानं मागं न बघता मासिनाला पान वाढायला सांगितलं. तोलोआनं घसा खाकरला, तसा उइलानं हात वर केला.

"भावोजी, तुम्ही नका बोलू. आता कुठं जमतंय."

मग तिघं जेवले. फुआतिनोनं दोनदा मागून घेतलं.

आता दातांची काळजी म्हणून सांगून टाकते. तोलोआ सकाळपासून गप्प बसला हे मी घातलं. त्यानं चटईखाली तीनदा प्रास्ताविक सुरू केलं होतं, आणि फुआतिनोनं त्याच्या मांडीला काढलेले तीन चिमटे पुढे आठवडाभर निळे होते. बाकी सगळं खरं.