काळोख्यांच्या घराचा करकरता दरवाजा

मित्रांनो, मला भिंत नाही, छप्पर नाही, माझ्या आत कुणी राहत नाही. तरीही मी दरवाजाच आहे. मेक्सिको शहरातल्या एका डबिंग स्टुडिओच्या कोपऱ्यात, चाके लावलेल्या चौकटीत मी उभा असतो. माझा चेहरा फारसा कुणी पाहिलेला नाही. पण माझा आवाज ऐकून या देशातल्या कितीतरी मुलांनी आईचा पदर गच्च धरला आहे आणि दुसऱ्याच क्षणी खिदळून तो सोडलाही आहे.

माझा जन्म एका औषधाच्या दुकानाच्या तळघरासाठी झाला. ते दुकान पाडले गेले आणि मी लागुनियाच्या जुन्या बाजारात येऊन पडलो. तिथे एक दिवस उस्ताद मेलितोन आले. सिनेमाला लागणारे पावसाचे, पावलांचे, फुटणाऱ्या बशांचे आवाज हाताने काढणे हा त्यांचा व्यवसाय. ते डोळे मिटून एकेक दरवाजा उघडत आणि बंद करत होते. विक्रेत्याने विचारले, "उस्ताद, दार घेताय की गिटार?" उस्तादांनी मान हलवून पुढचे दार ओढले. मला ओढताच मात्र त्यांचा चेहरा उजळला. माझी वरची बिजागरी अशी काही करकरली, की शेजारच्या टोपलीतली कोंबडी ओरडत सुटली.

त्या वर्षी उत्तरेकडून, अमेरिकेतून, फितींच्या डब्यांत भरून एक विनोदी मालिका आली होती. त्यात एक भुताटकीचे कुटुंब होते. तुमच्या भाषेत त्यांचे आडनाव काळोखे म्हणू या. वडील प्रेते पुरण्याचा धंदा करत, पण रक्ताचा थेंब दिसला की बेशुद्ध पडत. आई भूत होती. ती सहज भिंतीतून जाऊ शकली असती. पण न विचारता कुणाच्या घरात शिरणे वाईट, म्हणून ती नेहमी दारानेच जाई आणि दारानेच येई. स्पॅनिश बोलणे भरण्यासाठी मूळ फितीतले इंग्रजी बोलणे पुसले की त्याबरोबर सारे आवाजही पुसले जात. म्हणून तिच्यासाठी माझी नेमणूक झाली.

आईला आवाज दिला ग्रिसेल्दाने, वडिलांना रुतिलिओने. प्रत्येक भागात कुणी शेजारी दारात येई, मी करकरत असे आणि ग्रिसेल्दा म्हणे, "या, आत या. जिवंत असलात तरी चालेल." मूळ मालिकेत ती फक्त 'आत या' म्हणत असे. पुढचे शब्द ग्रिसेल्दाचे. दिग्दर्शक आधी रागावले, मग हसू आवरेना म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले.

आता एक गोष्ट सांगतो, जी प्रेक्षकांना ठाऊक नव्हती. ग्रिसेल्दा आणि रुतिलिओ पूर्वी नवरा-बायको होते. मालिका येण्याआधीच त्यांचे बिनसले होते आणि दोघे वेगळे राहत होते. पण मायक्रोफोन एकच, त्यामुळे उभे राहायचे ते खांद्याला खांदा लावून. एकमेकांशी ते बोलत नसत. मधे उस्ताद.

"उस्ताद, त्यांना सांगा, त्यांचा बूट वाजतोय," ग्रिसेल्दा म्हणे.

"उस्ताद, त्यांना सांगा, माझे कान अजून शाबूत आहेत."

"मी काय टपालवाला आहे?" असे पुटपुटत उस्ताद मला रागाने बंद करत.

मग ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागे. आणि हाच रुतिलिओ असा काही विरघळे, की मी लाकडाचा असूनही मला ओलावा जाणवे. मूळचे वडील बायकोला नुसते 'प्रिये' म्हणत. रुतिलिओ दर वेळी नवे काहीतरी काढी. "माझ्या बुरशीच्या फुला." "माझ्या गारठलेल्या पहाटे." ग्रिसेल्दाने कधी हरकत घेतली नाही. दिवा विझला की ती आपली पर्स उचलून निघून जाई.

मालिका तिच्या मायदेशात दोन वर्षांतच बंद पडली. आमच्याकडे मात्र ती बंद पडायला तयारच नव्हती. दुपारी शाळा सुटली की मुले हातात घेवड्याची उसळ लावलेला पाव घेऊन टीव्हीपुढे बसत. त्यांची मुलेही तशीच बसली. बाजारात भाजीवाल्या गिऱ्हाइकाला म्हणत, "या, जिवंत असलात तरी चालेल." आमच्याकडे दरवर्षी मेलेल्या माणसांसाठी ताट वाढतात, झेंडूच्या पाकळ्यांनी त्यांना घरची वाट दाखवतात. अशा लोकांना काळोखे परके कसे वाटावेत? शिवाय त्या घरात कुणीही कुणाला 'असा का आहेस' म्हणून विचारत नसे. मला वाटते, लोक त्यासाठीच पुन्हा पुन्हा यायचे.

कौतुकाचे दिवस मात्र माझ्यापुरते संपले. उस्ताद मेलितोन वारले. आवाज यंत्रातून निघू लागले. मला मागच्या खोलीत ढकलले गेले आणि माझ्या कडीला झाडू टांगले गेले. कुणी उघडत नाही, कुणी बंद करत नाही, अशा दरवाजाने दिवस कसे काढावेत, हे मला विचारू नका.

एक दिवस बातमी आली की फिती ठेवल्या होत्या त्या खोलीत नळ फुटला आणि काही भागांचा आवाज खराब झाला. ते भाग पुन्हा बोलून घ्यायचे ठरले. ग्रिसेल्दा आली. केस पांढरे, आवाज तोच. रुतिलिओच्या घशाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्याचा आवाज कायमचा गेला होता. त्याच्या जागी नवा, चांगला नट घेतला.

यंत्रातून तयार करकर वाजवली गेली. ग्रिसेल्दा यंत्राकडे वळली. मग म्हणाली, "हे दुसऱ्याच कुणाच्या घरचं दार आहे. मी कुणाला आत बोलावू?"

ध्वनी विभागातल्या नोएमीने मला शोधून काढले. किती मायेने तिने मला पुसले! आणि त्याच मायेच्या भरात माझ्या बिजागऱ्यांना भरपूर तेल दिले. सगळ्यांसमोर तिने मला ओढले. मी उघडलो, पण आवाजच फुटला नाही. मित्रांनो, इतकी लाज मला झाडूंचीही वाटली नव्हती.

नोएमीचे डोळे भरले. "मी चांगलंच करायला गेले होते हो."

"ठाऊक आहे गं," ग्रिसेल्दा म्हणाली. तिने माझी बिजागरी बोटाने चाचपली. मग तिने रुतिलिओच्या भाचीला फोन लावला आणि एवढेच सांगितले, "त्यांना म्हणावं, दाराचा आवाज बसलाय."

दुसऱ्या दिवशी रुतिलिओ आला. खूप वाळला होता, गळ्याला रुमाल होता. त्याने स्पिरिटने माझे तेल पुसून काढले. मग हवेत व्हायोलिन वाजवल्यासारखा हात हलवला. नोएमीला समजले. ती धावत गारिबाल्दी चौकात गेली आणि तिथल्या मारियाची बँडमधल्या एका व्हायोलिनवाल्याकडून गजाला लावायच्या राळेचा तुकडा घेऊन आली. रुतिलिओने ती राळ कुटून बिजागरीत भरली. उस्ताद मला कसे ओढत ते त्याने वर्षानुवर्षे शेजारून पाहिले होते; अगदी तसेच त्याने मला ओढले: आधी सावकाश, मधे श्वास घेण्याइतके थांबून, मग उरलेले एका दमात.

मी करकरलो. मागे कुणीतरी टाळी वाजवली.

काम सुरू झाले. एका भागात नव्या नटाने मूळ मालिकेप्रमाणे 'प्रिये' म्हटले. ग्रिसेल्दाने हात वर करून थांबवले. तिथली फीत इतकी खराब झाली होती की काहीच ऐकू येईना, आणि तिथे रुतिलिओ काय म्हणाला होता, ते ग्रिसेल्दालाही आठवेना. ग्रिसेल्दा वळली. आता मधे उस्ताद नव्हते.

"रुतिलिओ, इथं तू मला काय म्हणाला होतास?"

रुतिलिओने माझी कडी सोडली. तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या कानाशी वाकला. आवाज नव्हताच, नुसता श्वास. ग्रिसेल्दा ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग ती हसली, आणि हसता हसता तिने रुमाल शोधला.

"लिहून घे," ती नव्या नटाला म्हणाली. "माझ्या घरी परतलेल्या भुता."

ते काम संपेपर्यंत रुतिलिओ रोज येत राहिला. संध्याकाळी दोघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला जात. जिन्यावरून फक्त तिचे बोलणे ऐकू येई, आणि ते बराच वेळ ऐकू येई. ती दोघे पुन्हा एका घरात राहिली की नाही, मला माहीत नाही. मी स्टुडिओतला दरवाजा. मला तेवढेच दिसते.

आज नोएमी हेच आवाजांचे काम शिकवते आणि तिच्या विद्यार्थ्यांना माझ्याकडे आणते. मित्रांनो, तुम्हीही कधी आलात तर मला जरूर उघडून बघा. पण एक विनंती आहे. एखाद्याचा आवाज कानाला खटकला, तर तेलाची कुपी लगेच हातात घेऊ नका. त्याच्याजवळ जरा थांबा, तो कशासाठी करकरतो आहे ते ऐका. आणि जो अगदीच गप्प झाला असेल, त्याला आपणहून काहीतरी विचारा. तो बराच काळ त्याचीच वाट पाहत असतो.