चौदाशे सत्तावीस नंबरचं दार

मुनीरभाई मला जी दुबई दाखवत होते, ती तिथे नव्हतीच. काचेच्या उंच इमारतीकडे बोट करून ते म्हणायचे, इथे समुद्र होता. सहापदरी रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन सांगायचे, इथे उंट बसायचे. मी त्यांच्या बोटाकडे बघे, मग इमारतीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. नेमकं काय बघायचं ते मला कळत नव्हतं.

ही दोन हजार सालच्या जानेवारीतली गोष्ट. माझा मुलगा शैलेंद्र तिथे नोकरीला होता. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने ओळखीच्या मुनीरभाईंना माझ्याबरोबर दिलं. ते मूळचे तिथलेच अरब, सत्तरीला टेकलेले, पूर्वी टॅक्सी चालवायचे. वडिलांच्या खजुराच्या धंद्यामुळे त्यांचं लहानपण मुंबईत गेलेलं, त्यामुळे हिंदी अगदी भेंडीबाजारातली.

शैलेंद्रने यादी करून दिली होती. शिडासारखं दिसणारं ते नवं हॉटेल, खाडीतली होडी, सोन्याचा बाजार. मला त्यातलं काही नको होतं. माझ्या पर्समध्ये मण्यांचं एक जुनं तोरण होतं आणि ते मला एका दाराला लावायचं होतं.

ह्यांनी, म्हणजे शैलेंद्रच्या वडिलांनी, दुबईच्या देरा भागातल्या एका व्यापारी कचेरीत अकरा वर्षं टायपिस्ट म्हणून काम केलं. मी लहान शैलेंद्रला घेऊन साताऱ्यात. पत्रावर कायम एकच पत्ता घालायचा : पोस्ट बॉक्स १४२७, देरा, दुबई. तो घराचा नंबर, असं मी धरूनच चालले होते. शेजारच्या साधनाला ऐटीत सांगायची, आमच्या ह्यांचं घर चौदाशे सत्तावीस. पहिल्या दिवाळीला तोरण करायला घेतलं तेव्हा पत्रातून दाराचं माप विचारलं. उत्तर आलं, 'दार अरुंद आहे. दोन विती पुरे.' वाळू आत येऊ नये म्हणून तिकडे दारं अरुंद ठेवत असतील, अशी मी माझी समजूत घातली. पुढच्या पत्रात होतं, 'तोरण लावलं. सगळे विचारतात, कोणी केलं?'

परत आल्यावर मात्र त्या घराविषयी ते कधी बोलले नाहीत. विचारलं की म्हणत, होतं आपलं एक. आदल्या वर्षी ते गेले. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी हे तोरण निघालं, जुन्या अरबी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं. ते त्या दाराला एकदा पुन्हा लावून यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. शैलेंद्रला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

सोन्याच्या बाजारात मुनीरभाई बांगड्या दाखवत होते आणि मी दुकानांच्या पाट्यांवरचे आकडे वाचत होते. सगळे फोन नंबर. मसाल्यांच्या गल्लीत शिरलो, तिथे तर आकडेच नव्हते. लवंग-दालचिनीचा वास, चार भाषांतली हाकाहाकी, आणि त्याच पोत्यांजवळून आपण तिसऱ्यांदा जातोय असं मला वाटायला लागलं. शेवटी मी थांबले आणि ह्यांच्या पत्राचं पाकीट मुनीरभाईंपुढे धरलं. म्हटलं, मला या घरी न्या.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिले. हसले नाहीत.

"ये घर नहीं है, बाई," ते म्हणाले. "इधर घर पे चिट्ठी नहीं आती. कंपनी के डब्बे में आती है."

मला काही केल्या ते समजेना. घराला पत्ता नाही, असं कसं असेल? मग त्यांनी मला सरळ पोस्टातच नेलं.

बाहेरच्या बाजूला एक अख्खी भिंत लहान लहान लोखंडी दारांनी भरलेली होती. प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येकावर आकडा. चौदाशे सत्तावीस खालून तिसऱ्या ओळीत होता. मी वाकून हात लावला. जेमतेम चार बोटं रुंद. अकरा वर्षं मी या दाराला पत्रं लिहिली होती.

काय करावं ते न सुचून मी तोरण काढलं आणि त्या दारावर धरलं. ते दोन्हीकडे शेजारच्या पेट्यांवर गेलं. मागे कोणी एक फिलिपिनो गृहस्थ हातात किल्ली घेऊन उभे होते. त्यांची पेटी मी झाकली असावी. ते बिचारे थांबून राहिले.

"फिर दरवाज़ा दो बालिश्त का क्यों लिखा?" पत्रातलं दोन वितींचं माप सांगून मी मुनीरभाईंना विचारलं.

त्यांनी तोरण हातात घेऊन उलटं केलं. दोन्ही टोकांना पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. मी ती शेकडो वेळा पाहिली होती, पण तिच्यावर तांबूस गंज लागलाय हे पाहिलं नव्हतं. त्यांनी तो अंगठ्याने पुसला.

मग हळूहळू सांगू लागले. टॅक्सीतून अशा कितीजणांना त्यांनी सामानासकट खोल्यांवर पोचवलं होतं. एका खोलीत दहा-दहा माणसं, एकावर एक पलंग. खोलीचं दार सगळ्यांचं. आपलं म्हणायला प्रत्येकाला एक लोखंडी कपाट, एवढं रुंद. त्यांनी हात फाकून दाखवले. तेवढेच. दोन विती.

"वो दरवाज़ा सिर्फ़ उसका था, बाई."

ती खोली कुठे असेल, असं मी विचारलं. त्या सगळ्या इमारती खलास, ते म्हणाले, आणि एका मोठ्या वाहनतळाकडे बोट केलं. या वेळी मात्र मी तिकडे नीट पाहिलं.

घरी आले तेव्हा सात वर्षांची नात सान्वी दारातच होती. तिने विचारलं, "आजी, व्हॉट डिड यू सी?" मी माझ्या खोलीत गेले. साड्यांसाठी मला दिलेलं कपाट लोखंडीच होतं. तोरण त्याच्या दारावर धरून पाहिलं. बरोबर बसत होतं.

सान्वी मागे येऊन उभी राहिली. "ऑन द कबर्ड? व्हाय?"

मी तिच्याकडे चिकटपट्टी मागितली.