चिकूचा डावा डोळा

कापसाचा बोळा हिरवट निघाला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून, पिळून, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला, बुबुळाला न लागता — सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच — आणि तरी काल दवाखान्यात डोळ्यात सोडलेला तो रंग अजून येतच होता... त्या रंगावर डॉक्टरांनी निळा दिवा धरला तेव्हा चिकूच्या डोळ्यावरची जखम अशी लख्ख चमकली, की बिरदेवला वाटलं, हा दिवा आता आपल्याकडे वळू नये.

चिकू म्हणजे पग. डोळे बाहेर आणि नाक आत. धनश्री नोकरीसाठी पुण्याला गेली आणि पोरीऐवजी तिचं कुत्रं वरवंडच्या घरात राहिलं. त्याच्या डोळ्यांची निगा बिरदेवकडे — म्हणजे दौंडच्या कॉलेजातल्या बी. टी. सरांकडे. आपल्या नावातला देव त्यांनी नोकरी लागल्यावर आद्याक्षरात गुंडाळून ठेवलेला.

घरी डोळ्यात काही घातलं होतं का, असं डॉक्टरांनी काल विचारलं, तेव्हा उत्तर आपोआप बाहेर पडलं. आईनं तंबाखूची चूळ मारली असेल, आमच्यात मेंढरांना मारायचे, जुनी माणसं, काय करणार. आई, बयाबाई, शेजारच्याच बाकड्यावर बसलेली, चिकू तिच्या मांडीत. ती पदरानं चिकूचं तोंड पुसत राहिली.

खोटं इतकं सफाईनं कसं आलं? कारण ते नवं नव्हतंच. मांडवगणच्या शिबिरात, आणखी कुठल्या कुठल्या शिबिरांत, वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलताना तो ही चूळ मारूनच दाखवायचा, गाल फुगवून, आणि पोरं हसायची... बापाचे गाल होते ते. मी ते बरेच वापरले.

आणि खरं काय, तर कपाटात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली. चिकूचा डोळा लाल दिसला, तेव्हा डॉक्टरकडे कशाला, डोळा तो डोळा, म्हणून त्यानंच ती उघडली. बाटलीवर स्टेरॉईड लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलंही होतं, चष्मा लावून. घालत राहिला, आणि जखम आत आत जात राहिली.

आज सकाळी धनश्रीनं फोनवर आजीला झापलं. बयाबाई म्हणाली, "व्हय गं बाई, चुकलं." बिरदेव तेव्हा चहा गाळत होता. फार लक्षपूर्वक.

बोळा टाकून तो हात धूत होता, तर डॉक्टरांचाच फोन. "सर, मला रात्रभर पटेना. तंबाखूनं एवढं खोल जात नाही. घरात कुणाचे थेंब पडून होते का? स्टेरॉईड असेल तर डोळा फुटायची भीती आहे, आत्ताच्या आत्ता घेऊन या. नसेल तर सोमवारी बघू."

"विचारून सांगतो," बिरदेव म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर कुणाला विचारायचं ते शोधत उभा राहिला.

डॉक्टर काय म्हणाला, ते बयाबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं, तिच्याकडे न बघता. तिनं चिकूचे पुढचे पाय हलकेच धरले. डोळा खाजवू नये म्हणून ती सकाळपासून तशीच बसून होती.

"मग माझंच नाव सांग की. म्हनावं, म्हातारीनं आपलं औषध घातलं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कालच्या बाकड्यावरही.

"आई, तसं नाही —"

"मला काय कुणी नोकरीवरनं काढनार हाय?" ती म्हणाली. "आमीबी चूळ मारून मेंढरं आंधळी केलीच की, बिरू. पर मेंढरांच्या पोरींचं कवा फोन न्हाई आलं."

तो हसला असता. हसू घशापर्यंत आलंही, पण त्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं — सुटल्यासारखं, गार, पायांपर्यंत उतरत गेलेलं — आणि ते काय, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. कालही हेच होतं. सकाळी चहा गाळतानाही.

त्यानं डॉक्टरांचा नंबर लावला. तोंडात दोन वाक्यं तयार होती, आईनं घातलं आणि मी घातलं, आणि चिकूचा डोळा दोन्हींनी सारखाच वाचणार होता. म्हणजे आता खरं बोलायला त्या डोळ्याचंही कारण उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते फक्त... बयाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती चिकूशी बारीक आवाजात काहीतरी बोलत होती, कळपातल्या अडलेल्या मेंढीशी बोलावं तसं.

रिंग जात होती. उशीर होत होता, डोळ्याला होत होता, हे कळत असूनही ती आणखी थोडा वेळ जावी असं वाटत होतं — मला.