राखून ठेवलेला डबा

भट्टीचं दार उघडून सुनेने जाळी बाहेर ओढली. जाळीवरच्या दातेरी चाकांना घाम फुटला होता. आत मुरायचं ते कथील बारीक बारीक मणी होऊन अंगावरच थिजलं होतं.

"कशी निघाली गं?" सासऱ्यांनी स्टुलावरूनच विचारलं. कानांनी कमी, डोळ्यांनी त्याहून कमी, तरी मिश्रण अजून तेच करायचे. आज तर ती यायच्या आधीच भुकटी कालवून, साच्यात दाबून मोकळे झाले होते.

"निघाली, मामंजी," ती मोठ्याने म्हणाली.

ॲल्युमिनियमची भुकटी मोठी मानी. कणाकणावर हवेने चढवलेलं झिरझिरीत कवच. कितीही तापवा, कण कणाला भेटत नाही; शेजारी बसून परका तो परकाच. हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं, याच भट्टीपाशी. चिमूटभर मॅग्नेशियम टाक, म्हणायचा, ते कवच खातं. मग भुकटीत मिसळलेलं कथील वितळून फटीफटीत शिरतं आणि कण कणाच्या गळ्यात पडतो. नवरा गेला. त्याची चिमूट तेवढी मागे राहिली.

हात लावण्याइतकी निवल्यावर सासऱ्यांनी एक चाक उचलून टेबलाच्या कडेवर टिचकवलं. जुळलेलं चाक घंटेसारखं वाजतं. हे थप्प बोललं, ओल्या लाकडासारखं.

"वाजलं!" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "पंपवाला बघतच राहील. आज माझ्या लेकाचा डबा काढला मी. अशाच कामासाठी जपून ठेवला होता."

तिने फळीकडे पाहिलं. मॅग्नेशियमचं नवं पाकीट तसंच बंद, आणि शेजारी तो डबा, नवऱ्याने अर्धा वापरून ठेवलेला. झाकण बोट लावताच निघालं. आतली करडी चमक कुठल्या कुठे गेली होती. राहिली होती पांढुरकी राख. वाट बघून बघून मॅग्नेशियमनेच कवच पांघरलं होतं.

भट्टीत हवेच्या जागी भरायचा गॅस संपला होता, त्यामुळे पुन्हा भट्टी लावता येणार नव्हती. मागच्यासारखे हे नमुनेही नापास झाले तर पंपांसाठी चाकं घेणाऱ्या पंपवाल्याचं काम जाणार होतं, आणि दुसरं काम कारखान्याला नव्हतंच.

"काय आजोबा, यावेळी तरी दात घट्ट आहेत ना?" पंपवाला दारातूनच ओरडला.

"तुझ्यापेक्षा घट्ट!"

पंपवाल्याने हसत हसत चाकाचा दात अंगठ्याने दाबला. दात मोडून तळहातावर भुरभुरला. त्याचं हसू विरलं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, मागच्या वेळीच बोललो होतो. आता दुसरीकडे देतो काम. माझाही नाइलाज आहे."

तो गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"नको म्हणाला. भट्टी मीच कमी तापवली, मामंजी."

"तुझं ध्यान असतं कुठे! माझ्या पोराची वस्तू मातीत घातलीस!"

तिने चाकं गोळा करून बाजूला ठेवली. थोड्या वेळाने ते उठले, चाचपडत डब्यापाशी गेले, झाकण दाबदाबून बसवलं.

"असू दे. आहे अजून तळाशी. पुढच्या मोठ्या कामाला होईल."

"होईल," ती म्हणाली आणि भट्टीचं बटण बंद केलं. भट्टी निवायला वेळ लागतो. तोवर दोघं तिच्या उबेला शेजारी शेजारी बसून राहिली.