पाठीचा रंग

तिने बरणीतला बेडूक चिमट्याने काढला, टिपकागदावर पालथा ठेवला आणि नाकाडापासून बुडापर्यंत मोजला. बावीस मिलिमीटर. तिसऱ्यांदा मोजला तरी तेवढाच. छत्तीस वर्षं स्पिरिटमध्ये राहून त्याचा रंग उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता.

इतकी वर्षं तो भलत्याच जातीच्या नावाने संग्रहालयाच्या कपाटात झोपला होता. ही नवी जात आहे हे आता तिने सिद्ध केलं होतं. पायाला बांधलेल्या लेबलावर, आईच्या अक्षरात, गोळा करणारा म्हणून बाबांचं नाव होतं. जातीलाही तेच द्यायचं तिने ठरवलं होतं, बाबांना कळतंय तोवर. अडलं होतं लेखातल्या एका ओळीपाशी: जिवंतपणीचा रंग.

महिनाभर ती विचारत होती आणि बाबा ताकास तूर लागू देत नव्हते. कधी हिरवा, कधी तांबूस. सरड्याने लाजावं इतके रंग सांगून झाले. त्यांना आठवतच नसावं असं तिला वाटू लागलं होतं. म्हणून आज ती त्यांना संग्रहालयातच घेऊन आली होती.

बरण्यांतून गाळून आलेलं ऊन भिंतीवर हलत होतं. खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी वाटत होती. बाबांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ ते त्या फिक्या पाठीकडे बघत राहिले.

"बाबा, उद्या लेख पाठवायचाय. नक्की कुठला रंग?"

"मी हा जिवंत पाहिलाच नाही गं."

तिने चिमटा खाली ठेवला.

"मला ताप होता. तुझी आई पहाटे ओढ्यावर गेली आणि ह्याला ओंजळीत घेऊन तंबूत आली. म्हणाली, उठा, बघा तरी, पाठ पिकल्या लिंबासारखी आहे. मी म्हटलं, नंतर बघतो."

बाबा उठले तोवर बेडूक स्पिरिटमध्ये होता आणि रंग उतरू लागला होता. मोहीम बाबांची, म्हणून आईने लेबलावर नाव त्यांचंच घातलं. त्यांनीही ते राहू दिलं.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेकीला बाबांचा राग आला, मग त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघून रडू आलं. तिने लेखातलं जातीचं नाव खोडलं आणि आईचं घातलं. रंगाच्या ओळीत लिंबाचा पिवळा लिहिला.

जुनं लेबल चुकीचं असलं तरी काढायचं नाही, खरं त्याच्याशेजारी बांधायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तिने नव्या लेबलावर आईचं नाव लिहिलं.

"दोरा दे. गाठ मी मारतो."

त्यांनी नवं लेबल जुन्याशेजारी बांधलं. तिने बरणी पुढे केली. बाबांनी बेडूक ओंजळीत घेतला आणि ते खिडकीकडे वळले.

"थांब जरा," ते म्हणाले. "बघू दे मला."